सोडलेली सरी

देवरावांच्या अंगावर एकदा आठ दिवस असा सदरा होता, की त्याची डावी बाही दुधासारखी पांढरी आणि बाकी सगळा सदरा ताकासारखा. त्यांच्या घरी गोदाबाईंनी नवीन साबण आणला होता. देवराव म्हणाले, आधी एका बाहीला लावून पाहा. गोदाबाईंनी एका बाहीला लावला, धुतला आणि सदरा तसाच वाळत घातला. त्यांना वाटलं, आता तरी हा माणूस लाजेल. देवराव तोच सदरा घालून वांग्यांची पोती घेऊन अमरावतीच्या भाजीबाजारात गेले आणि विचारील त्याच्यासमोर दोन्ही हात लांब करून फरक दाखवत राहिले.

चांदूर बाजारच्या रस्त्याला गावाला लागूनच त्यांचं साडेतीन एकर भाजीचं वावर आहे. वांगी, मिरची, कोबी आणि बांधाच्या कडेनं सांबाराच्या जुड्या. तिकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. वय सदुसष्ट, बांधा वेताच्या काठीसारखा, आणि बोलणं कमी. या माणसाचा आयुष्यात एकच नियम. नवीन औषध आलं, की सगळ्या पिकावर मारायचं नाही. मारायचं तेव्हा मधली एक सरी सोडायची. सोडलेल्या सरीच्या दोन्ही टोकांना काडी रोवून तिला लाल चिंधी बांधायची, आणि पंधरा दिवसांनी दोन्हीकडची पानं उलटी करून पाहायची. दुकानदार काही बोलो, जाहिरात काही बोलो, सरी खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. आणि यात नुसता हेकेखोरपणा नव्हता. आजूबाजूच्या चार गावांतले शेतकरी महागाचं औषध घेण्याआधी देवरावांच्या वावरात येऊन ती चिंधीची सरी पाहून जात.

शेतातला नियम हळूहळू घरात शिरला. नवीन गादी आली तेव्हा ती वर्षभर एकाच खाटेवर होती. नवीन गव्हाचं पीठ आलं तर एक पोळी जुन्या पिठाची व्हायची. करोनाच्या लशीच्या वेळी मात्र त्यांची पंचाईत झाली. शाळेत टेबल मांडलं, यादी वाचली आणि दोन दिवसांत सगळं गाव टोचून मोकळं झालं. एकही सरी सुटली नाही, म्हणून आपल्याला त्याचा काय फायदा झाला ते नक्की सांगता येत नाही, अशी त्यांची आजही तक्रार आहे.

त्यांची मुलगी प्रणाली अकोल्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून इकडे डिंकाची, मेथीची तयारी झाली होती. पण लेकरू दीड महिना आधीच आलं. अकोल्यालाच दवाखान्यात धावपळ झाली, आणि मुलगी वीस दिवस काचेच्या पेटीत होती. देवराव जाऊन आले, पण त्यांनी नातीला काचेतूनच पाहिलं. पायाचा अंगठा हरभऱ्याच्या दाण्याएवढा होता, एवढंच त्यांनी घरी आल्यावर सांगितलं.

आता रेवा अडीच महिन्यांची झाली होती. वजन धरलं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं, पण एक अट घातली. थंडीत फ्लूची साथ असते. लेकराला सहा महिन्यांपर्यंत ती लस देता येत नाही. म्हणून जे जे तिला उचलून घेणार त्यांनी यंदाची नवीन लस घ्यायची, आणि घेऊन दोन आठवडे झालेले पाहिजेत. प्रणालीनं फोनवर सगळं नीट सांगितलं आणि शेवटी हळूच म्हटलं, की ज्यानं घेतली नाही त्याच्या हातात मी रेवाला देणार नाही, मग तो कोणी का असेना. कोणी का असेना म्हणजे कोण, हे घरात सगळ्यांना कळलं.

देवराव लशीच्या विरुद्ध नव्हते. ‘यंदाची नवीन’ या दोन शब्दांपाशी ते अडले होते. चहाच्या टपरीवर गावातल्या बंडूनं सांगितलं, की त्याच्या साळ्यानं ही लस घेतली आणि तिसऱ्या दिवशी त्याला सर्दी झाली. देवरावांनी विचारलं, लस घेण्याआधी त्याला सर्दी होत नव्हती का? बंडू विचार करून म्हणाला, तो तर बारा महिने शिंकतो. देवरावांनी ही साक्ष तिथल्या तिथे बाद केली आणि सरळ चांदूरला डॉक्टर सीमाताईंकडे गेले.

सीमाताई दर्यापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. देवरावांची तपासणी सुरू झाली तेव्हा त्यांनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीला टेकून बसल्या.

“हे आंतरप्रवाही आहे का वरूनच बसते?” देवरावांनी विचारलं.

“आंतरप्रवाही. अंगभर जातं.”

“पाणी लागलं त धुऊन जात नाही ना?”

“नाही. घरी जाऊन खुशाल आंघोळ करा.”

“कीड मारते?”

“मारत नाही. कीड कशी असते ते अंगाला आधी दाखवून ठेवते. मग खरी आली, की अंग तिला ओळखतं.”

“मंग मागच्या वर्षीची काहून नाही चालत?”

“तुम्ही मिरचीवर दर वर्षी एकच औषध मारता का?”

“नाही. कीड सरावते.”

“याचंही तसंच समजा. हा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दर वर्षी बदलून येते.”

देवरावांना हे पटलं. त्यांनी शेवटचा प्रश्न काढला, जो ते प्रत्येक दुकानदाराला विचारत. हमखास आहे का? सीमाताई म्हणाल्या, हमखास नाही. घेऊनही काहींना फ्लू होतो, पण बहुतेकांचं थोडक्यात निभावतं. हे ऐकून देवरावांचा त्यांच्यावरचा विश्वास दुप्पट झाला, कारण शंभर टक्के म्हणणाऱ्याकडून ते सुतळीसुद्धा घेत नसत. सीमाताईंनी हेही सांगितलं, की गोदाबाईंना दमा आहे आणि तुमचं वय पासष्टच्या वर आहे, तेव्हा नात येवो न येवो, तुम्ही दोघांनी ही घ्यायलाच हवी. टोचू का, असं त्यांनी विचारलंही.

“पाह्यतो,” देवराव म्हणाले आणि उठले.

देवरावांच्या ‘पाह्यतो’ला घरची माणसं वचकून असत. त्या दिवशी जेवताना त्यांनी निर्णय सांगितला. मुलगा अश्विन आणि सून वर्षाली यांनी आधी घ्यायची. पंधरा दिवस पाहायचं. मग गोदाबाईंनी. आणि आपण स्वतः सोडलेली सरी. कुणीतरी सुटल्याशिवाय कळणार कसं?

अश्विननं मान हलवली, कारण बापाशी वाद घालायला लागणारा वेळ त्याच्याकडे नव्हता. वर्षालीला हसू येत होतं. गोदाबाईंनी मात्र हातातला घास ताटात ठेवला.

“मले दम लागते तवा तुमी माही पाठ चोळता. तवा एक बाजू सोडून पाह्यता का?”

देवराव म्हणाले, ते वेगळं.

“मी काही वांगं नाही. मी उद्याच पोराच्या संगं जाऊन येईन. तुमाले सुटाचं असन त सुटा.”

दुसऱ्या दिवशी तिघं टोचून आले. देवराव दुपारी वावरातून येऊन पाहतात तर त्यांच्या खाटेच्या चारही खुरांना लाल चिंध्या बांधलेल्या. सुनेचं काम आहे हे त्यांना कळलं. एक चिंधी सैल होती, ती त्यांनी वाकून घट्ट केली.

पुढचे दिवस त्यांनी घरच्यांकडे पानं पाहावीत तसं पाहिलं. अश्विनचा दंड एक दिवस दुखला आणि अंग जरा कोमट झालं. देवरावांनी दंड उजेडात धरून उलटसुलट पाहिला. दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर दोन पोती कोबी घेऊन गेला. वर्षालीला काहीच झालं नाही. गोदाबाईंचा हात चांगलाच दुखत होता असं त्या म्हणत, म्हणून देवरावांनी दोन दिवस नळाचं पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी त्यांना दिसलं, की त्याच हातानं गोदाबाई वांग्यांचं टोपलं डोक्यावर चढवत आहेत. त्या दिवसापासून पाणी भरणं थांबलं.

औषधानं पीक जळत नाही, एवढं सिद्ध झालं. पण त्याचा गुण कळायचा तर कुणाला तरी सर्दीताप यायला हवा होता, आणि त्या वर्षी घरात कुणी साधं नाकसुद्धा ओढत नव्हतं. देवरावही ठणठणीत होते. बसमध्ये एखादा खोकणारा माणूस दिसला तर त्याच्या शेजारची जागा ते टाळत नसत, पण मुद्दाम जाऊन बसतही नसत, कारण पारखताना लबाडी नको. गोदाबाई म्हणाल्या, ज्या वर्षी कीडच आली नाही त्या वर्षी तुमची सरी काय सांगणार? देवरावांना हे ठाऊक होतं. अशी वर्षं त्यांनी पाहिली होती. अशा वर्षी ते एवढंच करत, की आणखी वाट पाहत.

वाट पाहण्यात पंधरा दिवस निघून गेले. प्रणालीचं येणं पुढच्या शनिवारावर येऊन ठेपलं. रविवारी संध्याकाळी तिनं फोन केला, तोही चेहरा दिसणारा. इकडे सगळे ओसरीवर एका फोनसमोर दाटीनं बसले. तिनं विचारल्यावर तिघांनी आपापले दंड दाखवले, जणू तिथे अजून सुई टोचल्याची खूण असणार होती. मग प्रणालीनं विचारलं, “बाबा?”

देवरावांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी सरीचं सगळं समजावून सांगितलं. प्रणाली लहानपणापासून त्यांच्या मागं वावरात हिंडलेली. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांचं झाल्यावर तिनं भलतीच गोष्ट काढली.

“मिरचीचं रोप टाकलं का बाबा?”

“टाकलं. दोन बोटं आलं.”

“त्याच्यावर औषध मारलं?”

“येडी झाली का तू? इतकं कवळं, जळून जाईन ते.”

“मंग माशी बसून पानं मुरडली, चुरडा आला त?”

“येते कुठून? चारी बाजूनं मका लावला ना. दोन दोन ओळी, दाट. मका माशीले आत येऊ देत नाही.”

“त्या मक्यात एक जागा सोडली असन ना तुमी? पाह्यासाठी?”

“कडेले कोनी सोडते का,” देवराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच थांबले.

वर्षालीनं पदराचं टोक तोंडात धरलं. प्रणालीनं फोन खाली वळवला. दुपट्यात गुंडाळलेली रेवा झोपली होती, आणि एक मूठ गालाखाली होती. देवरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि फोनच्या इतक्या जवळ गेले, की पलीकडे प्रणालीला नुसती त्यांची भुवई दिसत होती.

सोमवारी सकाळी सीमाताईंचा दवाखाना उघडायच्या आधी देवराव पायरीवर बसलेले होते. पण त्या दिवशी सीमाताईंना यायला उशीर झाला, आणि सुई टोचली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. देवरावांनी वेळ नीट पाहून ठेवली. मग बोटांवर मोजलं. दोन आठवडे म्हणजे पुढच्याच्या पुढचा सोमवार. प्रणाली शनिवारी येणार होती, आणि जावई शेखर रविवारी येऊन तिला त्याच सोमवारी सकाळी नऊ वाजता घेऊन जाणार होता. घरातल्या सगळ्यांचे पंधरा दिवस भरले होते. एकट्या देवरावांचे भरायला दोन तास कमी पडत होते.

तेरा दिवसांत होत नाही का, असं त्यांनी विचारलं. सीमाताई म्हणाल्या, अंग काही घड्याळ पाहून चालत नाही, एखाद्या तासानं काही बिघडत नाही. तरी अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन आठवडे म्हटलं असेल तर दोन आठवडे धरा. हे ऐकून दुसऱ्या कुणीही तासाकडे काणाडोळा केला असता. पण देवराव फवारलेली वांगी डब्यावर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय तोडत नसत. मागच्या वर्षी लग्नाच्या पंगतीसाठी अमरावतीचा एक व्यापारी दोन दिवस आधी वांगी मागायला आला होता. त्याला त्यांनी परत पाठवलं. वांगी जून झाली, पण दिली नाहीत. असा माणूस नातीच्या बाबतीत दोन तास खाणार कसा?

प्रणालीनं सांगितलं होतं, की बाबांनी नुसता मास्क लावून जरा दूर बसलं तरी चालेल. देवरावांनी त्याहून मोठी शिक्षा स्वतःला करून घेतली. शनिवारी गाडी यायच्या आत ते दोन ब्लँकेटं घेऊन वावरातल्या खोलीत राहायला गेले. गोदाबाई म्हणाल्या, तिथल्या थंडीनं आता खरंच नाक वाहील. त्यावर ते म्हणाले, वाहिलं तर घरी नसलेलंच बरं.

मग नऊ दिवस रोज दोनदा, सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी, देवराव मास्क लावून अंगणाच्या फाटकाबाहेर उभे राहत. आतून प्रणाली रेवाला उन्हात धरून दाखवी. इतक्या लांबून दिसायचं ते पिवळं टोपडं आणि त्याच्याखाली काहीतरी हलणारं. रडण्याचा आवाज मात्र स्पष्ट यायचा, आणि तो दणकट होता, याचं त्यांना समाधान होतं. गावातली माणसं येता-जाता विचारत, देवरावजी, आपल्याच घराच्या फाटकापाशी पाहुण्यासारखे काहून उभे? ते सगळ्यांना खरं कारण सांगत. दोघंतिघं त्यानंतर सीमाताईंकडे जाऊन आले असंही ऐकलं.

वावरात डबा गोदाबाई नेत, आणि डब्याबरोबर बातम्या नेत. त्यातही त्यांनी नवऱ्याला सुखानं जेवू दिलं नाही. रेवा माझ्या मांडीवरच झोपते. रेवा अश्विनकडे पाहून हसली. रेवाचं कपाळ प्रणालीच्या सासऱ्यांवर गेलंय, पण नाक तुमचं आहे.

“माहं नाक?” देवरावांचा घास थांबला.

“अस्सलच. पुढून जरासं फेंदारलेलं.”

“मी डोयानं पाह्यल्याशिवाय मानत नाही.”

“ते ठाऊक आहे मले,” गोदाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

ठरलेला सोमवार उजाडला. शेखर रविवारीच आला होता. त्याला दुपारपर्यंत अकोल्यात पोचायचं होतं, म्हणून साडेआठला गाडी पुसून तयार होती. फाटकाबाहेर आंघोळ करून, नखं काढून, मिशीसुद्धा विंचरून देवराव उभे होते. पोरीला थांब म्हणायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तिचं घर, तिची वेळ. नऊ वाजता शेखरनं पेट्या गाडीत ठेवल्या आणि हाक मारली. प्रणाली बाहेर आली, तिच्या हातात बादली होती. तिनं रेवाच्या अंगावरचं एक सोडून होती नव्हती तेवढी दुपटी नुकतीच धुऊन पिळली होती, आणि ती एकेक झटकून दोरीवर वाळत घालू लागली. अकरा दुपटी.

शेखर दोरीकडे पाहत राहिला. काल संध्याकाळी ही सगळी घडी करून पेटीत ठेवलेली त्यानं पाहिली होती.

“ओली कशी नेऊ?” प्रणाली त्याच्याकडे न पाहता म्हणाली.

शेखर समजदार माणूस. त्यानं एकदा फाटकाबाहेरच्या सासऱ्यांकडे पाहिलं, गाडीचं दार लावलं आणि वर्षालीला म्हणाला, चहा होईल का थोडा? चहा झाला. दहाला पोहे झाले. साडेदहाला पुन्हा चहा झाला. हिवाळ्याचं कोवळं ऊन अंगणात सरकत सरकत दोरीपर्यंत आलं.

पावणेअकराला अश्विन म्हणाला, “बाबा, या ना आत. आता पंधरा मिनिटांनी काय होते?”

देवराव फाटकाबाहेरच राहिले. त्यांनी नुसतं मनगट वर करून घड्याळ दाखवलं. अकराला ते आत आले, हौदावर कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, मास्क नीट केला आणि ओट्यावर भिंतीला पाठ टेकून मांडी घालून बसले. मग दोन्ही हात पुढे केले. चाळीस वर्षं मिरचीचं इवलं रोप मुळाला धक्का न लावता उचलणारे हात.

प्रणालीनं रेवाला त्यांच्या हातांवर ठेवलं.

आधी देवरावांनी नाक पाहिलं, दोन्ही बाजूंनी. गोदाबाई निकालाची वाट पाहत उभ्या होत्या, पण त्यांनी निकाल दिला नाही. मग दुपटं बाजूला करून पायाचा अंगठा पाहिला. तो आता चांगला वाटाण्याएवढा झाला होता.

रेवानंही त्यांच्याकडे पाहिलं. तिनं ओठ मुडपले, डोळे बारीक केले, आणि मास्कच्या वर जेवढा आजोबा उघडा होता तेवढ्यावर नेमकी शिंकली.

वर्षाली रुमाल घेऊन धावली. प्रणालीनं लेकराला घ्यायला हात पुढे केले. देवरावांनी रेवाला आणखी पोटाशी ओढलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “मी टोचलो आहो. पाह्यजे तेवढं शिंकू दे तिले.”

त्यांनी चष्म्याच्या काचासुद्धा पुसल्या नाहीत. दोरीवरची दुपटी केव्हाच वाळली होती. ती काढायला कुणी उठलं नाही.